छपराखालचीं बेटें

अमेरिकेस जाऊन आलेल्या माणसास परत आल्यावर विचारावयाचे प्रश्न ठरलेले असतात. नायगारा पाहिलात काय? न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती पाहिल्यात काय? आणि तिकडे आपलें जेवण मिळतें काय? पहिल्या दोन प्रश्नांस आम्हांस ‘नाहीं’ असें उत्तर द्यावें लागतें, व तिसऱ्यास ‘पुतण्याच्या घरीं मिळालें’ असें. मग तुम्हीं पाहिलें तरी काय, असा चौथा प्रश्न येतो. आणि त्याचें उत्तर दिलें कीं, विचारणाराच्या मुद्रेवर ‘ह्यासाठीं का एवढा खर्च केलात!’ असा भाव स्पष्ट उमटतो. कारण आम्हीं पाहिलीं तीं हॉटेलें. पॅसिफिक महासागरांतील पॉलिनेशियन बेटांचें सोंग घेऊन साठ, सत्तर, ऐंशीं वर्षांपूर्वीं उभीं राहिलेलीं, आणि त्या वेळच्या सजावटीसह अद्याप टिकून असलेलीं. त्यांतलें पहिलें आम्हीं योगायोगानें पाहिलें; पुढचीं मात्र मुद्दाम वाट वांकडी करून पाहिलीं. तें कां, हें सांगावयाचें तर आधीं आमच्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

रत्नागिरी जिल्ह्यांत आमचें पणजोबांच्या वेळचें घर आहे. मालकी तिघां भावांची समाईक. पण तेथें राहतात ते फक्त आमचे थोरले बंधु व वहिनी. आम्ही प्रवासास निघण्याच्या आठच दिवस आधीं दादांचें पत्र आलें. जुन्या लांकूडसामानाचा एक व्यापारी घर पाहून गेला होता. ओटीवरचे सहा सागवानी खांब, माजघराचा कोरीव दरवाजा, पितळी कड्यांचा झोपाळा आणि देवघरांतला शिसवी देव्हारा एवढ्या वस्तूंस तो चांगली किंमत देत होता. समुद्रकांठीं एक नवें हॉटेल होत आहे, त्यांत ‘जुन्या कोंकणी घराचा देखावा’ उभारावयाचा आहे, आणि देव्हारा भोजनगृहाच्या दाराशीं दिवे लावून ठेवावयाचा आहे, असेंहि त्यानें सांगितलें होतें. ‘पैसे आले तर छपराचें काम निघेल. तुमचें मत कळवावें,’ एवढेंच दादांनीं लिहिलें होतें. आमचें मत ‘देऊन टाकावें’ असेंच होतें. वाळवीच्या मुखीं पडण्यापेक्षां चार माणसांच्या नजरेस पडलेलें काय वाईट? आमच्या सौ. मात्र कांहींच बोलल्या नाहींत. आणि त्या बोलल्या नाहींत म्हणजे त्यांचें मत निराळें आहे, हें चाळीस वर्षांच्या संसारानंतर आम्हांस समजूं लागलें आहे. उत्तर परत आल्यावर लिहूं, असें ठरवून आम्ही २०२५ च्या जानेवारींत विमानांत बसलों.

सॅन फ्रान्सिस्को शहर टेकड्यांवर वसलेलें आहे. त्यांपैकीं नॉब हिल नांवाच्या टेकडीवर फेअरमाँट हें जुनें व प्रतिष्ठित हॉटेल १९०७ पासून उभें आहे. एके संध्याकाळीं पुतण्या म्हणाला, “काका, काकू, आज तुम्हांला घरचा पाऊस दाखवतों.” बाहेर आकाश स्वच्छ होतें. हॉटेलच्या संगमरवरी दिवाणखान्यांतून जाऊन आम्ही खालच्या मजल्यावर उतरलों, आणि दार उघडतांच एकदम काळोखांत शिरलों. डोळे निवळल्यावर पाहतों तों मध्यभागीं एक लांबट तळें, भोंवतीं गवती छपरांच्या ओसऱ्या, त्यांच्या खालीं मंद दिव्यांचीं टेबलें, आणि तळ्याच्या पाण्यावर तरंगणारा एक छपरी तराफा. त्या तराफ्यावर बसून वादक मंडळी वाजवीत होती. इतक्यांत ढगांचा गडगडाट झाला, वीज चमकली, आणि छतांतून सरळ तळ्यांत पाऊस कोसळूं लागला! पांच-सात मिनिटें कोसळला, थांबला, व थोड्या वेळानें पुन्हा कोसळला.

ह्या जागेचें नांव टोंगा रूम. तिचा इतिहासहि तिच्याइतकाच विलक्षण आहे. १९२९ सालीं ह्या ठिकाणीं हॉटेलच्या पाहुण्यांकरितां पोहण्याचा तलाव बांधला होता, पंचाहत्तर फूट लांबीचा. १९४५ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं ह्याच शहरांत संयुक्त राष्ट्रांची सनद तयार झाली त्या वर्षीं, चित्रपटांचे देखावे उभारणाऱ्या मेल मेल्व्हिन नांवाच्या कलावंतानें त्या तलावाचें तळें केलें व भोंवतीं बेट वसविलें. नाच करण्याची जमीन ही एका जुन्या लांकूडवाहू शिडाच्या जहाजाच्या अवशेषांची आहे. ऐंशीं वर्षें झालीं, तेंच तळें, तोच पाऊस. २००९ च्या सुमारास मालकांनीं हॉटेलच्या एका भागांत राहण्याचे गाळे काढण्याचा बेत केला, तेव्हां ही जागा नाहींशी होण्याची वेळ आली होती. गांवच्या लोकांनीं ओरड केली, नगररचना खात्यानें ही जागा ऐतिहासिक मोलाची असल्याचा निर्वाळा दिला, आणि तो बेत बारगळला. हें ऐकून आम्हांस प्रथम हंसूंच आलें. पोहण्याच्या तलावावर पाडलेला नळाचा पाऊस, आणि त्याला ऐतिहासिक मोल! सौ. तळ्याकडे टक लावून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “पाऊस छान आहे हो, फक्त ओल नाहीं.”

त्या एका वाक्यानें आमचें कुतूहल जागें झालें, आणि पुढचे चार दिवस पुतण्याकडून व पुस्तकांतून आम्हीं ह्या प्रकाराचें मूळ शोधून काढलें. तें असें. १९३३ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील दारूबंदी उठली. त्यानंतर लवकरच अर्नेस्ट गँट नांवाच्या एका भटक्या तरुणानें हॉलिवुडमध्यें एक लहानसें पानगृह काढलें. तरुणपणीं तो दक्षिण समुद्रांतून हिंडून आला होता. हिंडतांना जमविलेलीं जाळीं, वल्हीं, शंख, बांबू असलें भंगारसामान त्यानें भिंतींवर टांगलें, आणि स्वत:चें नांवहि बदलून डॉन बीच असें घेतलें. मंदीचे दिवस होते. ज्यांना गांवाबाहेर जाण्याची ऐपत नव्हती, त्यांना हा मनुष्य चार आण्यांत ताहितीस नेऊन आणीत असे, असें म्हणावयास हरकत नाहीं. असें सांगतात कीं, गिऱ्हाइकें उठूं लागलीं कीं तो पत्र्याच्या छपरावर नळीनें पाणी सोडी. पाऊस आला असें वाटून मंडळी पुन्हा खालीं बसत. टोंगा रूमच्या पावसाचे पूर्वज ते हेच.

त्याचा प्रतिस्पर्धी व्हिक्टर बर्जरॉन. ह्यानें १९३४ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर, खाडीपलीकडच्या ओकलंड गांवीं हॉटेल काढलें, व पुढें त्यास ‘ट्रेडर व्हिक्स’ असें नांव दिलें. लहानपणीं क्षयाच्या विकारानें त्याचा एक पाय गेला होता. परंतु गिऱ्हाइकांना तो खुशाल सांगे कीं, पाय शार्क माशानें नेला! असल्या दोघां गोष्टीवेल्हाळ माणसांनीं हा संप्रदाय सुरू केला. पुढें दुसरें महायुद्ध आलें. लाखों अमेरिकन तरुण पॅसिफिकमधल्या बेटांवर जाऊन आले, आणि परत आल्यावर युद्धाची आठवण विसरून माडांची तेवढी त्यांनीं जवळ ठेवली. १९४७ सालीं नॉर्वेच्या थोर हेयरडाल ह्यानें ‘कॉन-टिकी’ नांवाच्या लांकडी तराफ्यावरून पेरूपासून पॉलिनेशियापर्यंत १०१ दिवसांचा प्रवास केला, व त्याची कीर्ति घरोघर गेली. १९५९ सालीं हवाई हें अमेरिकेचें पन्नासावें राज्य झालें. ह्या सर्वांचा परिणाम असा झाला कीं, १९५० ते १९६५ च्या दरम्यान अमेरिकेच्या बहुतेक मोठ्या शहरांतून, समुद्रापासून शेंकडों कोस दूर असलेल्या गांवींसुद्धां, गवती छपरांचीं बेटें उगवलीं.

हीं बेटें उभारण्याचेंहि एक शास्त्र आहे. पहिला नियम, खिडक्या ठेवावयाच्या नाहींत. ठेवल्याच तर त्यांतून रस्ता दिसूं द्यावयाचा नाहीं. बाहेरचा दिवस आंत आला कीं बेट बुडालें. दुसरा, आंत जाण्याची वाट सरळ असूं नये. एखादा लहान पूल, खालीं वाहतें पाणी, एक वळण, आणि मग दार. तिसरा, मोकळी जागा म्हणून कोठें सोडावयाची नाहीं. भिंतींस बांबू, वेत व केवड्याच्या जातीच्या पानांच्या चटया. त्यांवर झाडाची साल कुटून केलेलें, भुऱ्या रंगाच्या नक्षीचें ‘तापा’ नांवाचें वस्त्र. आढ्यास टांगलेल्या उलांडीच्या होड्या. जपानी कोळी जाळीं तरंगत ठेवण्यास वापरीत ते कांचेचे हिरवे-निळे पोकळ गोळे. आणि फुगलेला कांटेरी मासा सुकवून त्याच्या पोटांत घातलेला दिवा. ह्या सर्वांवर पन्नास-साठ वर्षांचा धूर बसला, म्हणजे जो तांबूस-काळा रंग चढतो, तो कोणत्याहि रंगाऱ्यास विकत आणतां येत नाहीं. आमच्या स्वयंपाकघराच्या तुळ्यांस तोच रंग आहे, हें तेथें बसल्या बसल्या आमच्या ध्यानांत आलें.

ह्या मालाचे पुरवठादारहि होते. कॅलिफोर्नियांत व्हिटियर गांवीं लिरॉय श्मॉल्ट्झ व रॉबर्ट व्हॅन ऊस्टिंग ह्या दोघांनीं १९५६ सालीं ‘ओशॅनिक आर्ट्स’ नांवाचें दुकान काढलें. लांकडी मूर्ति, चटया, दिवे, जें लागेल तें तेथें घडत वा मिळत असे. पासष्ट वर्षें चालून २०२१ सालीं तें बंद झालें. आतां जुन्या जागीं एखादी वस्तु मोडली तर तशी दुसरी मिळणें सोपें राहिलें नाहीं. म्हणून जें आहे त्याची किंमत वाढली.

आणि जें होतें त्यांतलें बहुतेक गेलें आहे. १९७० नंतरच्या पिढीस आईबापांची ही हौस हास्यास्पद वाटूं लागली. जागांचे भाव चढले. एकामागून एक बेटें बुडालीं. सर्वांत मोठी हळहळ लोक करतात ती ओहायो राज्यांतील कोलंबस शहराच्या ‘काहिकी’ची. १९६१ सालीं बांधलेली ही प्रचंड इमारत उलट्या घातलेल्या युद्धनौकेसारखी दिसे. दाराशीं ईस्टर बेटावरच्या मूर्तींसारखीं दोन अजस्र डोकीं, त्यांच्या माथ्यावर ज्वाळा. १९९७ सालीं तिची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादींत नोंद झाली. परंतु त्या देशांत अशी नोंद झाली म्हणून खासगी मालकास आपली इमारत पाडण्याची मनाई होत नाहीं. २००० सालीं काहिकी पाडण्यांत आली, व त्या जागीं औषधांचें दुकान उभें राहिलें. नांव तेवढें गोठविलेल्या खाद्यपदार्थांच्या खोक्यांवर शिल्लक राहिलें.

ह्याच्या उलट गोष्ट होनोलुलूच्या ‘ला मारियाना’ची. ॲनेट नाहिनू नांवाच्या बाईंनीं १९५७ सालीं तें काढलें. गांवांतलें एकेक जुनें बेट बंद पडे तसतशा ह्या बाई त्यांतले दिवे, खांब, मूर्ति, मेज-खुर्च्या आणून आपल्या छपराखालीं मांडीत. आपल्याकडे पूर्वीं मोठ्या कुटुंबांत निराधार आत्या, मावशा, चुलत चुलते येऊन राहत व घरचेच होऊन जात, त्याचाच हा प्रकार.

लॉस एंजेलिस येथें आम्ही ‘टिकी-टी’ पाहण्यास गेलों. हें भोजनगृह नव्हे, निव्वळ पानगृह; तेव्हां तेथें आमचें काम काय, असा प्रश्न वाचक करतील. आम्ही गेलों तें मद्य पाहण्यास नव्हे, कुटुंब पाहण्यास. सनसेट बुलेव्हार्ड ह्या मोठ्या रस्त्यावर, पूर्वीं व्हायोलिनें दुरुस्त करण्याचें दुकान होतें त्या चिमुकल्या जागेंत, बारा उंच बैठका व मोजकीं टेबलें, एवढाच संसार आहे. १९६१ सालीं रे ब्यूहेन ह्या फिलिपिनो गृहस्थानें तें काढलें. तो डॉन बीचच्या हाताखालीं शिकलेला. डॉन आपल्या कृती कोणास कळूं नयेत म्हणून बाटल्यांवर नांवांऐवजीं आंकडे घाली. आणि ते आंकडे ओतणारे हात बहुतेक फिलिपिनो लोकांचे असत. दर्शनी नांव मालकाचें, कसब ह्यांचें. बहुतेकांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत. रे ब्यूहेन १९९९ सालीं वारला. परंतु त्यानें स्वत:चें दार उघडलें होतें, म्हणून त्याचें नांव राहिलें. पुढें मुलानें व नातवानें तो धंदा चालविला. छतापासून लोंबणारी एकेक वस्तु गिऱ्हाइकांनीं आणून दिलेली, आणि कोणती कोणाची हें घरच्यांस तोंडपाठ. आम्ही दारांतून आंत पाहून, एक पेला अननसाचा रस घेऊन बाहेर पडलों. आमच्या ओटीवरचा झोपाळा कोणत्या आत्याच्या लग्नांत आला, हें सांगणारें दादांखेरीज आतां कोण उरलें आहे, असा विचार मात्र मनांत येऊन गेला.

परतीच्या वाटेवर फ्लॉरिडांत आमची भाची राहते, तिच्याकडे आठ दिवस मुक्काम होता. तेथून जवळच, फोर्ट लॉडरडेलच्या उत्तरेस ‘माय-काय’ आहे. बॉब व जॅक थॉर्नटन हे दोघे भाऊ शिकागोचे. तेथल्या डॉनच्या हॉटेलवर लुब्ध होऊन त्यांनीं दक्षिणेंत स्वत:चें हॉटेल काढण्याचें मनांत घेतलें, आणि १९५६ च्या २८ डिसेंबरीं ‘माय-काय’ उघडलें. हवाईच्या भाषेंत ह्याचा अर्थ ‘चांगलें’ असा आहे. उंच टोकदार छपराची ही इमारत पुढें वाढत वाढत गेली. भोंवतीं धबधबे, ओढे व माडांचा बाग झाला. वेगवेगळ्या दालनांस वेगवेगळ्या बेटांचीं नांवें दिलीं गेलीं. एक दालन जुन्या शिडाच्या जहाजासारखें आहे, व त्याच्या खिडक्यांच्या कांचांवरून बाहेरून सतत पाणी ओघळत असतें. २०१४ सालीं हीहि जागा राष्ट्रीय यादींत आली.

आणि २०२० च्या ऑक्टोबरांत मुसळधार पाऊस झाला. नळाचा नव्हे, आकाशांतला. त्या पावसांत स्वयंपाकघराचें छप्पर कोसळलें. दालनें, मूर्ति, दिवे, होड्या, सर्व सजावट बहुतांशीं शाबूत. पण चूल नाहीं म्हणून घर बंद! पुढल्या वर्षीं थॉर्नटन कुटुंबानें नवे भागीदार घेतले, डागडुजी चालली, आणि चार वर्षांनीं, २०२४ च्या नोव्हेंबरांत, दारें पुन्हा उघडलीं. आम्ही गेलों तेव्हां उघडून जेमतेम अडीच महिने झाले होते. नवें काम जुन्यांत असें बेमालूम मिसळलें होतें कीं, कोठें कोणतें हें आमच्यासारख्यास ओळखूं येईना. शेजारच्या मेजावर एक वृद्ध जोडपें बसलें होतें. त्यांच्या लग्नाचें पहिलें जेवण ह्याच दालनांत झालें होतें, आणि चार वर्षें तीं हॉटेल उघडण्याची वाट पाहत होतीं, असें त्यांनीं आपण होऊन सांगितलें. तें सांगतांना आजीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलें. नकली बेट पाहून आलेलें तें पाणी नकली होतें, असें म्हणण्याचें धाडस आम्हांस तरी होणार नाहीं.

जेवणाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. ह्या हॉटेलांतलें अन्न पॉलिनेशियाचें नसतें. तें पहिल्यापासून चिनी, कँटन प्रांताच्या वळणाचें, वर अननसाची सजावट. माय-कायमध्येंहि लांकडाच्या जाळावरच्या चिनी भट्ट्या आहेत. आमच्या वाट्यास भात, भाज्या व फळें आलीं, आणि तीं रुचकर होतीं. परंतु बेटांचें खरें अन्न म्हणजे अळू, नीरफणस व नारळ. हें ऐकून सौ. चकित झाल्या, कारण हीं तिन्ही आमच्या परसांत आहेत. हवाईच्या लोकांत अळूची एक कथा आहे. देवांचें पहिलें अपत्य मृत जन्मलें. त्यास पुरलें त्या जागीं अळूचें रोप उगवलें. दुसरें अपत्य झालें तो मनुष्य. म्हणून अळू हा मनुष्याचा थोरला भाऊ. थोरल्यानें धाकट्यास पोसावें, आणि धाकट्यानें थोरल्याची निगा राखावी, हें त्या कथेचें सार. कोट्यवधि डॉलर ह्या बेटांच्या नांवावर मिळविले गेले. पण त्या थोरल्या भावास पानावर जागा मिळाली नाहीं.

जेवण झाल्यावर नाच पाहिला, व नंतर बागेंत हिंडलों. वाटेच्या दोन्ही बाजूंस झाडींत लांकडी व दगडी मूर्ति उभ्या होत्या. मोठे डोळे, मिटलेले किंवा विचकलेले ओंठ, पायाशीं दिवा. सौ. एकीजवळ थांबल्या, आणि भाचीला विचारूं लागल्या, “हे कोण ग?”

“टिकी, मामी. शोभेचे असतात.”

“शोभेचे आतां झाले. आधीं कोण होते?”

भाचीस उत्तर देतां आलें नाहीं, आणि आम्हांसहि त्या वेळीं आलें नाहीं. मागाहून वाचलें तें असें. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या परंपरेंत टिकी हा पहिला मनुष्य. मार्केसास बेटांवर तें नांव देवत्व पावलेल्या पूर्वजांच्या मूर्तींस आहे. ईस्टर बेटावरचीं तीं प्रसिद्ध प्रचंड डोकीं, तींहि वाडवडिलांचींच. म्हणजे आपल्या शब्दांत सांगावयाचें तर हे त्यांचे पितर. १८१९ सालीं हवाईच्या राजानें जुने विधिनिषेध मोडले, तेव्हां देवळें उध्वस्त होऊन मूर्ति जाळल्या गेल्या. १८९३ सालीं राणी लिलिउओकलानीस पदच्युत करण्यांत आलें, आणि १८९८ सालीं अमेरिकेनें तीं बेटें खालसा केलीं. त्यानंतर चाळीस वर्षांच्या आंत ते पितर पानगृहांच्या दाराशीं येऊन उभे राहिले. बेटांवरच्या पुष्कळ लोकांस हें रुचत नाहीं, व ते आतां तसें उघड बोलतात. त्यांचें बोलणें आम्हांस ताबडतोब पटलें. पटण्यास आम्हांस फार दूर जावें लागलें नाहीं. आमच्या खिशांत दादांचें पत्र होतें.

तरीहि न्यायाची गोष्ट म्हणून दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. माय-कायमधील नाच बसविण्याचें काम अनेक वर्षें मिरेइ थॉर्नटन ह्या बाईंनीं केलें. त्या जन्मानें ताहितीच्या. नर्तकी म्हणून येथें आल्या, व पुढें बॉब थॉर्नटनशीं त्यांचा विवाह झाला. सोंगाच्या घरांत खऱ्या बेटावरची एक स्त्री आली, आणि तिनें आपल्या माहेरचा नाच तेथें शिकविला. तेव्हां अशा जागेंत सर्वच खोटें असतें असें नाहीं. जो मनुष्य तेथें आपलें आयुष्य घालवितो, त्याच्या हातचें काम खरें असतें. मग तो फिलिपिनो पेय करणारा असो, मूर्ति कोरणारा असो, वा गळकें छप्पर दुरुस्त करणारा सुतार असो. सत्तर वर्षें मनापासून सांभाळलेली नक्कलहि एक प्रकारची अस्सल वस्तु होते, आणि ती जतन करावी असें वाटणाऱ्यांस आतां आम्ही हंसणार नाहीं. पण ज्यांच्या घरचे देव त्या शोभेसाठीं नेले, त्यांचें दु:ख त्या जतनानें फिटत नाहीं. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या आहेत, आणि एकीनें दुसरी खोडून काढतां येत नाहीं.

त्या रात्रीं भाचीच्या घरीं सौ. प्रथमच त्या पत्राविषयीं बोलल्या. “खांब द्या, दरवाजा द्या; लांकूडच तें,” त्या म्हणाल्या. “पण देव्हारा तिथें गेला, म्हणजे पन्नास वर्षांनीं कोणाची तरी सून त्याच्यापुढें उभी राहून विचारील, हें काय आहे? आणि कोणी तरी सांगेल, शोभेचें असतें.”

दुसरे दिवशीं सकाळीं आम्हीं दादांस लिहिलें. देव्हारा देऊं नये. झोपाळाहि देऊं नये. त्याची हकीकत तुम्हांस माहीत आहे ती आम्हां सर्वांस लिहून कळवावी. खांब काढले तर ओटी बसेल, म्हणून तेहि राहूं द्यावे. माजघराचा दरवाजा द्यावयाचा कीं नाहीं हें वहिनींनीं ठरवावें, कारण त्याची कडी रोज तीच लावतात. आणि सर्वांच्या आधीं स्वयंपाकघराचें छप्पर पाहावें. जगांतलें सर्वांत देखणें बेट चार वर्षें बंद राहिलें, तें स्वयंपाकघराच्या छपरामुळें, हें आम्ही प्रत्यक्ष पाहून आलों आहों. खर्च तिघांनीं सारखा सोसावा. इतकीं वर्षें थोरल्यानें धाकट्यांचें घर राखलें. आतां धाकट्यांनीं थोरल्याची निगा राखण्याची वेळ आहे.

चैत्रांत आम्ही तिघेहि भाऊ घरीं जमलों. दोन वासे व एक तुळई बदलावी लागली. कौलें उतरवून, धुऊन, फुटकीं वेगळीं काढून पुन्हा शाकारलीं. वहिनींनीं दरवाजा दिला नाहीं. व्यापारी एकदां येऊन गेला, व गोठ्याच्या दोन मोडक्या झडपा घेऊन गेला. त्या हॉटेलांत कोठें लागल्या असतील त्या असोत. मृगाचा पहिला पाऊस आला तेव्हां आम्ही ओटीवर बसलों होतों. सौ. स्वयंपाकघरांत जाऊन चारी कोपरे पाहून आल्या, आणि म्हणाल्या, “गळत नाहीं. पण ओल आहे हो, पुष्कळ.”